पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास

हिशेब तपासणाऱ्या त्या फर्ममध्ये त्याला सगळे टिकमार्क म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, मग त्याला राग येत नाही हे कळल्यावर तोंडावर म्हणू लागले. शर्टाच्या खिशात कायम एक हिरवी पेन्सिल. स्वतः बघून त्या पेन्सिलीने बरोबरची खूण केल्याशिवाय जगातली कुठलीही गोष्ट खरी असते यावर त्याचा विश्वास नव्हता. गोदामात चारशे पिंपं आहेत असं कुणी म्हणालं की तो चारशेच्या चारशे बघायचा, आणि त्यातली पाच-सहा उघडून आत नक्की काय आहे तेही बघायचा. माणूस नाकासमोर चालणारा, पण नाकासमोर जे येईल ते दोनदा तपासणारा.

घरीही तेच. बायकोने कडी लावली म्हटलं तरी हा उठून कडी बघून येणार. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला तो अपमान वाटला. दुसऱ्या वर्षी तिने दुर्लक्ष केलं. तिसऱ्या वर्षापासून ती स्वतः कडी लावायचीच बंद झाली, कारण नाहीतरी तो उठणारच होता. जित्याची खोड आहे, ती जायची नाही, असं ती शेजारणीला सांगायची आणि त्यात थोडा अभिमानही असायचा.

अशा माणसाच्या नावावर आज तीन कादंबऱ्या आहेत. वाचनालयात त्याचं पुस्तक नेणाऱ्यांना वाटतं की हा गृहस्थ लहानपणापासून लिहीत असणार. कसलं काय. पन्नाशी उलटेपर्यंत त्याने रजेच्या अर्जापलीकडे स्वतःच्या मनचं असं काही लिहिलेलं नव्हतं, आणि रजाही तो फारशी घेत नसे.

झालं ते असं. एका काचसामानाच्या कारखान्यात तो वर्षअखेरचा माल मोजायला गेला होता. तिथला गोदामपाल साठीकडे झुकलेला, अबोल माणूस. कुठलंही कपाट उघडण्याआधी तो पँटला दोन्ही हात पुसायचा. बरण्यांच्या कपाटाशी पुसले, पेल्यांच्या कपाटाशी पुसले, आणि शेवटी एका कपाटात नुसती रद्दी होती तिथेही पुसले. टिकमार्कने ते टिपून घेतलं. सवयीने टिपलं, आणि परत येऊन अहवालातही घातलं. फर्मचे मोठे साहेब तो अहवाल वाचताना थांबले. या वाक्याचा निष्कर्षाशी संबंध काय, असं त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लाल रेघ मारली. साहेब चुकीचे नव्हते. संबंध काहीच नव्हता.

पण टिकमार्कला ती रेघ लागली. चाळीस पानांच्या त्या अहवालातलं बाकी सगळं दुसऱ्या कुणीही पाठवलेल्या माणसाने लिहिलं असतं. तेवढं एक वाक्य फक्त त्याचं होतं. त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून एक शंभर पानी वही आणली आणि अहवालात न बसणाऱ्या गोष्टी तिच्यात लिहायला लागला. कोण कसं बसतं, खोटं बोलताना कुणाचा आवाज खाली जातो, कुठल्या कारखान्याचा मालक कामगारांच्या नजरेला नजर देत नाही. वर्षभरात चार वह्या भरल्या. पाचवीत त्याच्या लक्षात आलं की आपण ज्या कुणाबद्दल लिहायला बसतो तिथे शेवटी एकच बाई येते. कानाला हेडफोन लावून बसलेली, समोर तारांचा फलक, आणि डाव्या हाताने केस मागे सारणारी. ती बाई कोण हे ओळखायला ऑडिटर लागत नव्हता. ती त्याची ताई होती.

वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि ताई एकोणीसची. आई खचली ती खचलीच. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली, दिवसपाळी, रातपाळी, मिळेल ती पाळी केली, आणि भावाला शिकवलं. तिने लग्न केलं नाही. एक्स्चेंजमधलाच एक सुपरवायझर तिला मागणी घालायला आला होता, चांगला माणूस होता, पण भावाचं शिक्षण व्हायचंय म्हणून ताईने त्याला परत पाठवलं. हे टिकमार्कला पंधराव्या वर्षी मावशीने सांगितलं. तुझ्यासाठी केलंय हो तिने हे, विसरू नकोस, असंही मावशी म्हणाली. मावशीला बोलून मोकळं व्हायची सवय होती. मुलगा मात्र त्या दिवसापासून स्वतःला ताईच्या गळ्यातलं लोढणं समजायला लागला.

तो ते विसरला नाही. नोकरी लागल्यापासून दर रविवारी सकाळी दहा वाजता तो शहराच्या दुसऱ्या टोकाला ताईकडे जायचा आणि दुपारी एकला निघायचा. तिचे नळ, तिच्या खिडक्यांच्या काचा, तिच्या पेन्शनचे कागद, सगळं तो बघायचा. ताप असला तरी जायचा. पस्तिशीत त्याला दुसऱ्या शहरातल्या शाखेचा प्रमुख करत होते. ताईकडे कोण बघेल म्हणून तो नाही म्हणाला. ताईला त्याने ते सांगितलंही नाही. तिने एवढं केलं, आपण एवढं तरी करावं, असा त्याचा साधा विचार.

तर अशी ही कादंबरी होती. पहाटे पाच ते सात तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहायचा आणि सातला बायकोला टेबल मोकळं करून द्यायचा. तीन वर्षं लागली. त्यात गोदामपाल होता, मोठे साहेब होते, मेहुणा होता, पण जीव होता तो त्या टेलिफोनवालीत. भावासाठी ती आवडत्या माणसाला नाही म्हणते, तो जिना उतरून जातो, ती खिडकीशी उभी राहून रडते आणि मग तोंड धुऊन भावाला शाळेसाठी उठवते. बायकोने हस्तलिखित दोन दिवसांत वाचलं. ती रडली. डोळे पुसून तिने पहिली गोष्ट विचारली ती ही की ताईंना दाखवलंत का.

नव्हतं दाखवलं. पण दाखवणार होता, आणि ताई जर म्हणाली की हे असं नाही, तर वह्या कपाटात जाणार आणि परत बाहेर निघणार नाहीत, हे त्याने तेव्हाच बायकोला सांगून टाकलं. त्याच्या तोंडून एकदा शब्द गेला की गेला, हे तिला माहीत होतं. तीन वर्षांची पहाट ताईच्या एका शब्दावर टांगलेली होती.

प्रकाशकबाईंचं ऑफिस सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत होतं. बाई चष्म्यावरून बघायच्या आणि मोजकं बोलायच्या. कादंबरी त्यांना आवडली होती. पण मी आधी संबंधितांकडून खातरजमा करून घेणार, असं टिकमार्क म्हणाला तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. ही कादंबरी आहे, ताळेबंद नाही, त्या म्हणाल्या. कादंबरीतल्या माणसांनी बरोबर असायची गरज नसते. टिकमार्कने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की समोरच्याला विचारल्याशिवाय आपण आजवर कशाखालीही सही केलेली नाही. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं ते बाईंना कळत होतं. त्यांनी चष्मा परत घातला.

आता ही खातरजमा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरच आहे. एखाद्या कंपनीची वही सांगते ते खरं आहे का हे बघायला ऑडिटर कंपनीला विचारत नाही, ती ज्यांच्याशी व्यवहार करते त्यांना पत्र टाकून विचारतो. या पत्राचे दोन प्रकार असतात. पहिल्यात समोरच्याने उत्तर दिलंच पाहिजे: बरोबर आहे किंवा बरोबर नाही, आणि नसेल तर फरक काय. दुसऱ्यात खाली एक ओळ असते. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मजकूर आपणास मान्य आहे असे समजले जाईल. हा दुसरा प्रकार किरकोळ लोकांसाठी. ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे अशा मोठ्या माणसाला पहिलंच पत्र पाठवायचं, हा नियम. कारण माणूस गप्प राहतो त्याला शंभर कारणं असतात. पत्र पोचलं नसेल, वाचलं नसेल, वाचून रागावला असेल. मौन म्हणजे पुरावा नव्हे, हे टिकमार्कने तीस वर्षं हाताखालच्या पोरापोरींना टेबलावर बोट आपटून शिकवलं होतं.

त्याने सात जणांना त्यांच्या त्यांच्या पानांची प्रत आणि पत्र पाठवलं. उत्तरं येऊ लागली. निवृत्त झालेल्या मोठ्या साहेबांनी लिहिलं की पान सत्तावन्नवरचा साहेब कंजूष आहे, मी काटकसरी होतो, बाकी बरोबर. आणि सोबत अकरा ठिकाणचे स्वल्पविराम दुरुस्त करून पाठवले. मेहुण्याने कळवलं की मी आहे तो बरोबर आहे, पण फार थोडा आहे. चुलतभावाने नुसतं 'वाचलं' एवढंच लिहिलं, तेव्हा टिकमार्कने त्याला फोन करून खुणेसकट पत्र परत मागवलं. गोदामपालाला हात पुसायची आपली सवय ठाऊकच नव्हती. त्याने आठवडाभर स्वतःवर लक्ष ठेवलं आणि मग कळवलं की बरोबर आहे, बायकोलाही विचारलं. सहाच्या सहा पत्रं फाइलला लागली.

ही सहा पत्रं पहिल्या प्रकारची होती. सातवं ताईचं. ते त्याने दुसऱ्या प्रकारचं पाठवलं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्याला हे कळत नव्हतं असं नाही. पण ताईने 'बरोबर नाही' या शब्दांपुढे खूण केली तर काय, या भीतीपुढे तीस वर्षांची शिकवण टिकली नाही. तिला काही म्हणायचं असेल तर ती म्हणेलच, आपण तिला दार उघडं ठेवलंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आणि आपण समोर गेलो तर तिच्या उत्तरावर दबाव येईल म्हणून मुदत संपेपर्यंत रविवारी जायचं नाही, असंही ठरवलं. हे कारण ऐकायला चांगलं होतं. खरं कारण असं की ताईच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती होत नव्हती.

पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी सकाळी त्याने टपालपेटी दोनदा बघितली, ऑफिसला गेला आणि दुपारी प्रकाशकबाईंना फोन करून छापायला हरकत नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी बायकोने विचारलं, ताई काय म्हणाल्या? काही म्हणाली नाही, तो म्हणाला. शब्दशः ते खरंच होतं. मौन हे संमतीचं लक्षण असं म्हणतातच की, असं बायको म्हणाली, पण भांडी लावताना ती त्याच्याकडे एक-दोनदा वळून बघत राहिली.

पुस्तक छापून यायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात टिकमार्क एकाही रविवारी ताईकडे गेला नाही. एकदा प्रुफं आली, एकदा सर्दी झाली, एकदा बायकोच्या माहेरचे आले, आणि पुढे पुढे त्याने कारण द्यायचंही सोडलं, नुसता फोन करून या वेळी जमत नाही म्हणायचा. ताई पलीकडून 'बरं' म्हणायची. पत्राबद्दल तिने काही काढलं नाही आणि याने विषय काढला नाही. दोघंही मूग गिळून गप्प.

पहिली प्रत हातात आली त्या रविवारी मात्र त्याला राहवलं नाही. दहाच्या ठोक्याला तो तिसऱ्या मजल्यावर ताईच्या दाराशी उभा होता. ताई आता चौसष्टची. केस पांढरे झालेले, पण डाव्या हाताने ते मागे सारायची लकब तीच. तिने पुस्तक हातात घेतलं, त्याच्या नावावरून अंगठा फिरवला, छान झालंय म्हणाली आणि ते टेबलावर ठेवून चहाचं आधण ठेवायला गेली. पूर्वी फोन असायचा त्या तिवईवर आता मोबाइल आणि औषधांचा डबा होता. खिडकीची एक काच तडकली होती. दोन महिन्यांपूर्वी ती धड होती. टिकमार्क त्या तड्याकडे बघत बसला.

चहा झाला. इकडचं तिकडचं बोलून झालं. शेवटी त्याने विचारलं.

"माझं पत्र मिळालं होतं ना?"

"मिळालं."

"उत्तर नाही दिलंस."

"लिहिलं होतं. पेटीत टाकलं नाही."

ती उठली, कपाटाच्या खणातून पाकीट काढून तिने त्याच्यासमोर ठेवलं. त्याने आधी सही बघितली, मग तारीख. पत्र पोचल्याच्या तिसऱ्या दिवसाची होती. मग त्याची नजर खुणेवर गेली. 'बरोबर नाही' या शब्दांपुढे ताईने ठसठशीत खूण केली होती. खाली फरकाचा तपशील लिहायला तीन ओळींची जागा होती, ती पुरली नव्हती म्हणून तिने मागच्या बाजूला लिहिलं होतं.

पान १३१, ताईने लिहिलं होतं. तो गेल्यावर मुलगी खिडकीशी रडत उभी राहते असे आहे. मी रडले नाही. मी चपला काढल्या, पाय वर घेऊन बसले आणि बिस्किटांचा अख्खा पुडा एकटीने संपवला. पान १३४. तिने भावासाठी नकार दिला असे आहे. नकार मी माझ्यासाठी दिला होता. भावाचे फक्त नाव सांगितले.

टिकमार्कने ते दोनदा वाचलं. ताई समोर बसून बोलायला लागली, घाई न करता, फार दिवसांपूर्वी ठरवून ठेवल्यासारखं. तो माणूस वाईट नव्हता. पण लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आणि तिला नोकरी आवडायची. चाळीस तारा समोर, कुणाला कुणाशी जोडायचं ते आपल्या हातात, शहरातले सगळे आवाज आपल्या कानातून जातात. पाळीला जाताना तिचे पाय लगबगीने पडायचे. पण आपल्याला लग्न नको, काम आवडतं, असं तेव्हा एखादी पोरगी म्हणाली असती तर घरादाराने तिला वेड्यात काढलं असतं. भावाचं शिक्षण म्हटलं की सगळे गप्प बसायचे, वर कौतुकही करायचे. भावाचं शिक्षण संपल्यावर तो सुपरवायझर पुन्हा एकदा विचारून गेला. तेव्हा तिने भावाची नोकरी अजून कच्ची आहे म्हणून सांगितलं.

"तू माझी ढाल होतास," ताई म्हणाली. "त्या ढालीमागे बसून मी मजेत जगले."

टिकमार्कला आधी हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. त्याला राग आला. चाळीस वर्षं आपण एक गोष्ट खरी धरून चाललो, आणि मावशीच्या एका वाक्यापलीकडे तिला काही आधार नव्हता. चारशे पिंपं तपासणाऱ्या माणसाने घरातली एवढी एक गोष्ट तपासली नाही. आणि समोर बसलेल्या बाईला ती सगळा वेळ ठाऊक होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलं नाहीस."

मग तोही बोलला. शाखाप्रमुखाची जागा आली होती ते बोलला, ती कुणासाठी सोडली ते बोलला, बायकोने किती रविवार एकटीने जेवून काढले तेही बोलला. आवाज त्याने चढवला नाही, तो त्याला चढवता येतच नसे. ताईचा चेहरा उतरला. हे तिला माहीत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस हे?" तिने विचारलं.

"तूही विचारलं नाहीस."

ताईला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. तिने पदराने डोळे टिपले. खालून कुणीतरी गाडी धूत असल्याचा आवाज येत होता. मग त्याने विचारलं की एवढं लिहिलंच होतंस तर ते टाकलं का नाहीस.

"तुझी बायको फोनवर म्हणाली होती, ताईंनी नाही म्हटलं तर हे वह्या कपाटात टाकणार म्हणून. मी पेटीत टाकलं असतं तर तू पुस्तक थांबवलं असतंस."

"हो."

"ते एक झालं."

"आणि दुसरं?"

ताईने कपातला उरलेला चहा गोल फिरवला. एक्स्चेंजमध्ये चाळीस जणांशी एका वेळी बोललेली बाई, पण हे वाक्य तिला जड जात होतं.

"तू दर रविवारी येतोस ते त्या मुलीकडे येतोस. पुस्तकातल्या. तिने तुझ्यासाठी सगळं सोडलं म्हणून. मी ती नाही. हे तुला कळलं की तुझं माझ्याकडे यायचं कारण संपलं. म्हणून पाकीट खणात ठेवलं. म्हटलं, राहू दे तिला. तिच्यामुळे का होईना, तू येत तरी राहशील." तिने कप खाली ठेवला. "आणि पत्र पाठवल्यापासून तू यायचाच बंद झालास. मला वाटलं, याला कुठूनतरी कळलंच."

आपण भीतीपोटी घरी बसलो ते रविवार तिने इथे कसे काढले असतील, याचा त्याने क्षणभरही विचार केला नव्हता. तिच्या मौनाचा त्याने सोयीचा अर्थ काढला होता, आणि त्याच्या मौनाचा तिने गैरसोयीचा. त्याला फार वाईट वाटलं, लाज वाटली. पण बोलायला सुचलं ते एवढंच की दुसऱ्या आवृत्तीत पान एकशे एकतीस बदलून घेतो.

"अजिबात नको," ताई म्हणाली. "चांगली मुलगी आहे ती. मला वाचताना तिच्यासाठी रडू आलं. तिला बिस्किटं खायला बसवू नकोस."

एक वाजला. तो उठला. दाराशी नेहमी ताई म्हणायची, येतो म्हण. त्या दिवशी ती काही म्हणाली नाही, आणि पुढच्या रविवारचं त्यानेही काही काढलं नाही. ती कठड्याला हात ठेवून, तो खालच्या मजल्यावर वळेपर्यंत उभी होती, एवढं त्याला जाणवलं. घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी ती इतकंच म्हणाली की ताईंनी एवढी वर्षं हे एकटीने सांभाळलं, तेही काही सोपं नसणार.

दुसऱ्या दिवशी सोमवार. टिकमार्क नेहमीप्रमाणे कामावर गेला, एका छापखान्याचे कागद पुढ्यात घेऊन बसला, आणि बारा वाजता ते कागद तसेच उघडे टाकून उठला. हाताखालच्या मुलीने विचारलं, कुठे निघालात? जरा जाऊन येतो, तो म्हणाला. तीस वर्षांत त्याने टेबल उघडं टाकलं नव्हतं. ती बघतच राहिली.

ताईने दार उघडलं तेव्हा तिच्या डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला होता. त्याला बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. नोकरीला लागल्यापासून तो रविवार सोडून कधी आला होता तर त्याच्याकडे राहणारी आई गेल्याचं सांगायला.

"कुणाचं काय झालं?"

"कुणाचं काही नाही."

"मग? काय काम काढलंस?"

"काम काही नाही. असाच आलो."

ताईने त्याच्याकडे नीट बघितलं. त्याच्या हातात ना पुस्तक होतं, ना औषधं, ना पेन्शनचे कागद, ना काच बसवायचं सामान. ती दार धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग बाजूला झाली.

"घरात काही केलेलं नाही," ती म्हणाली. "मी नुसतं अंडं उकडून खाणार होते."

"मग माझंही एक टाक," तो म्हणाला आणि चपला काढून आत गेला.